काक्सापची टेस्ट

जेद्दात, अल अझीझियातल्या एका दवाखान्याची लॅब सांभाळणारी आमिना तपासणीचा कागद घेऊन नव्या डॉक्टरांच्या दारात उभी राहिली. तीन वर्षांत असली टेस्ट तिने ऐकली नव्हती.

"डॉक्टर, हे काक्साप म्हणजे काय?"

डॉ. कादिर परकारांनी कागद पाहिला आणि ते कानापर्यंत लाल झाले. मूळचे रत्नागिरीचे, पण डॉक्टरकी शिकले रशियात. हाताला सवय तिकडची.

"काक्साप नाही... दिसतात इंग्रजीसारखी, पण रशियन अक्षरं आहेत ती. वाचायचं 'साखर'."

"आपली साखर? रशियात?"

"आपलीच. आपल्याकडून ग्रीकांनी नेली, ग्रीकांकडून रशियनांनी घेतली."

"आणि तुम्ही परत आणलीत. तीही मधुमेहवाल्याच्या कागदावर," असं म्हणून आमिना हसू दाबत निघून आली.

मग रोज असरच्या नमाजानंतर, नमाजापुरतं बंद केलेलं दवाखान्याचं शटर वर जाईपर्यंतच्या दहा मिनिटांत कादिर लॅबच्या दाराशी येऊ लागला. कंदिलाला फनार, पलंगाला क्रवात, वहीला तित्राद... सगळे शब्द रशियनांनी ग्रीकांकडून उसने घेतलेले. आमिनाला ना ग्रीकांशी देणंघेणं, ना रशियनांशी. तरी ती वेळ झाली की ती ओढणी सारखी करायची आणि दाराकडे बघायची. तो तिला आवडला होता, सरळ गोष्ट होती. पण गडी कामाचं तेवढं सोडून बाकी सगळं बोलायचा.

शेवटी तिनेच विषय काढला. "अब्बांची नोकरी संपली, कंपनीने फायनल एक्झिट दिलीय. माझा इथे राहायचा परवाना, इकामा, त्यांच्याच नावावर. सव्वीस तारखेला आम्ही कायमचे गावी. तिकडे एक स्थळही बघून ठेवलंय."

कादिरने गळ्यातल्या स्टेथोस्कोपची नळी बोटाला गुंडाळली. मग म्हणाला, "जहाजाला रशियन लोक कराब्ल म्हणतात. तोही ग्रीक—"

"डॉक्टर, ग्रीकांचं पुरे. तुमचं स्वतःचं काही आहे का?"

"आहे... पण—"

"साखर शेकडो वर्षं फिरत बसली. माझ्याकडे नऊ दिवस आहेत."

शुक्रवारी जुम्मा आटोपून तो तिच्या घरी आला. आमिनाच्या वडिलांनी, हुसेनमियाँनी, त्याला बसवलं.

"बोला डॉक्टर, काय काम काढलंत?"

कादिरने तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. सरबताचा ट्रे धरून पडद्याआड उभ्या आमिनाला तेव्हा कुठे उमगलं, की हा शहाणपण मिरवत नव्हता. स्वतःचं सांगायची वेळ आली की याची वाचाच बसते, म्हणून बिचारा दुसऱ्यांच्या शब्दांमागे लपत होता. तिला त्याच्याबद्दल भरून आलं. ती सरळ आत गेली आणि ट्रे ठेवला.

"अब्बा, हे मला मागायला आलेत. आणि मला पसंत आहे."

हुसेनमियाँनी लेकीकडे पाहिलं, मग पाहुण्याकडे. "खरं काय हे?"

"शब्द उसने आहेत, चाचा," कादिर म्हणाला. "पण म्हणणं माझंच आहे."

"मग गावच्या स्थळाला नाही म्हणून कळवतो," हुसेनमियाँ म्हणाले.