माहेरचं नाव

परदेशातल्या टूनगॅबीच्या त्या घरामागे नाला आहे, नाल्याकाठी रान, आणि रानाला खेटून गंगुबाईंचा अळूचा वाफा. ऑक्टोबरात वाफ्यातलं गवत उपटताना त्यांच्या डाव्या हाताला, कोपराच्या आतल्या बाजूला, गोचीड चिकटली. दुसऱ्या दिवशी आंघोळ करताना ती बोटांना लागली. गंगुबाईंनी उभ्या जन्मात अशा शेकड्यानं काढल्या होत्या, म्हशीच्या कानातल्या, कुत्र्याच्या मानेवरच्या. दोन नखांत धरली, ओढली, चपलेखाली चिरडली आणि विसरल्या. मुंडकं आतच राहिलं.

चौथ्या दिवशी हात तव्यासारखा तापला. दोन घरं सोडून राहणारी सुनेत्रा डबा परत द्यायला आली होती. तिनं त्यांची बाही वर केली आणि किंचाळलीच.

"काकू! इथल्या टिकशी खेळ नसतो. चला, मेडिकल सेंटरला."

"गोचिडीसाठी डॉक्टर? गावात कळलं तर म्हशी हसतील मला."

"हसू देत. गाडीत बसा."

डॉक्टरीण अगदी पोरसवदा होती. आत थोडंसं राहिलंय, ते आपोआप बाहेर येईल, म्हणाली. मग निळ्या पेनानं लालीच्या कडेकडेने तिनं एक रेघ ओढली. सुनेत्रानं समजावून सांगितलं: दिवसातून चार कॅप्सूल. लाली रेघेच्या आत राहिली तर उतार. रेघ ओलांडली तर थेट हॉस्पिटल, कुणाला विचारत बसायचं नाही.

"म्हणजे लक्ष्मणरेषाच की," गंगुबाई म्हणाल्या. "फक्त रावण आत बसलाय."

घरात त्या एकट्याच होत्या. मुलगा सारंग आणि सून अपर्णा दोन वर्षांपूर्वी कॅनबेराजवळ गुंगालिनला गेले, सारंगला तिकडे सरकारी कॉन्ट्रॅक्ट मिळालं म्हणून. चला म्हणाले होते. "नको," गंगुबाई म्हणाल्या होत्या. "त्या थंडीत मला काय मटारासारखी फ्रीझरमध्ये ठेवताय?" पुन्हा एकदा विचारतील असं त्यांना वाटलं होतं. दोघांनी त्यांचा शब्द खरा मानला. शब्दाला जागणारी माणसं कधीकधी फार छळतात.

अपर्णाचा फोन रोज दुपारी, तिच्या लंचच्या वेळेला.

"आई, कॅप्सूल घेतली?"

"घेतली."

"आणि लाली?"

"आहे जागच्या जागी. या घरात तेवढी एकच माझं ऐकते."

सोमवारी फोन ठेवून त्या सोफ्यावर आडव्या झाल्या. ताप चढत होता. काचेच्या दारातून ऊन थेट गालिच्यावर आलं होतं, वॉशिंग मशीन फिरून फिरून नुकतंच थांबलं होतं. त्या शांततेत कुंपणापलीकडून हाक आली.

"नकूऽऽ... नकूऽऽ..."

दोनदा. शेवटाला वर उचललेली.

गंगुबाई उठून बसल्या. हे नाव त्यांनी पन्नास वर्षांत ऐकलं नव्हतं. सहा हजार मैलांत ते जाणणारं कुणी नव्हतं. माण तालुक्यातल्या घरात त्या चौथी मुलगी; बापानं नाव ठेवलं नकुशी, म्हणजे आता पुढची नको. लग्नात सासरच्यांनी ताटातल्या तांदळांत अंगठीनं 'गंगा' लिहिलं आणि आधीचं नाव तिथंच पुसलं. पासपोर्टवर गंगुबाई मुरलीधर. नवऱ्याला, मुरलीधरांना, एकदाच सांगितलं होतं. त्यांनी ते जाताना सोबत नेलं. सारंगला पत्ता नव्हता. जिच्या जिभेपुढं तीन जावा चळचळ कापायच्या, ती माहेरची नकुशी होती, हे कुणाला कळणार होतं आणि का कळावं?

पण आई हाक मारायची ती वेगळीच. 'शी' गिळून टाकायची, 'कू' लांबवायची. ओढ्याच्या काठावर उभी राहून शेरडं आणि लेक एकाच हाकेत घरी बोलवायची. त्या हाकेत 'नको' कुठंच नसायचं. गंगुबाई अकरा वर्षांच्या असताना आई गेली आणि ती हाक बंद झाली.

कोकीळ असणार. इकडे वसंत ऑक्टोबरात, आणि तेव्हा इकडेही कोकिळा येतात, काळ्या त्या काळ्याच, पण सूर बिघडलेला. गंगुबाई कुंपणापर्यंत जाऊन आल्या.

मंगळवारी दुपारी कोकीळ कुंपणावर समोरच बसली होती. चोच मिटलेली, लाल डोळा त्यांच्यावर रोखलेला. हाक आली ती तिच्या मागून नाही, अळूच्या वाफ्याकडून. पुन्हा दोनच.

गंगुबाईंच्या तोंडात 'ओ' आला होता. त्यांनी तो दातांआड धरला. गावची रीतच तशी: तीन हाकांशिवाय ओ द्यायचा नाही. माणूस असेल तर तिसरी हाक मारतंच. जे माणूस नसतं, त्याला तिसरी येत नाही.

बुधवारी ताप उतरला. लाली रेघेच्या दोन बोटं आत सरकली. सुनेत्रा येऊन "शाब्बास काकू!" म्हणून गेली. गंगुबाई काचेच्या दाराशी खुर्ची टाकून बसल्या. दुपार गेली. रानात पाखरं ओरडली, शेजाऱ्याचं गवत कापायचं मशीन ओरडलं. हाक आली नाही. संध्याकाळी त्यांनी चहा केला आणि तो तसाच मोरीत ओतला. सासरी पहिल्या वर्षी, माहेरी न्यायला मुराळी न येताच दिवस मावळला की पुढ्यातलं ताटही त्या असंच बाजूला सारायच्या.

गुरुवारी सकाळी त्यांनी कॅप्सूल तळहातावर घेतली, पाहिली आणि परत पाकिटात ठेवली.

दुपारपर्यंत अंगात कणकण भरली. अपर्णाचा फोन चालू असतानाच हाक आली. नळाजवळून, म्हणजे अंगणात.

"आई," अपर्णा बोलता बोलता थांबली. "तिकडे कोण आहे? कुणीतरी 'नको, नको' म्हणतंय."

 म्हणजे हा गंगुबाईंच्या कानांचा भास नव्हता.

"टीव्ही आहे."

"बाईचा आवाज आहे. रडतेय का ती?"

"मालिका म्हटल्यावर रडणार नाही तर काय करणार?"

अपर्णानं तो विषय सोडला. मग म्हणाली, "आई, शनिवारी येतोय आम्ही दोघं. तुम्हाला घेऊन जायला. आणि या वेळी नको म्हणायचं नाही, सांगून ठेवते."

दोन वर्षं ज्याची वाट पाहिली, ते वाक्य हे. गंगुबाईंनी ते ऐकलं. त्यांची नजर मात्र नळाकडे होती.

"लाली?" अपर्णानं विचारलं.

"आत आहे."

लाली रेघेवर आली होती. शुक्रवारी रेघ मागे टाकून ती मनगटाकडे निघाली. सुनेत्रानं दार वाजवलं तेव्हा गंगुबाई आतूनच म्हणाल्या, "झोपलेय गं, बरी आहे." त्या दिवशी हाक काचेला टेकून आली. दोनदा. त्यांनी दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं.

शनिवारी हात खांद्यापर्यंत लाल होता.

दुपारचे दोन वाजले. ऊन गालिच्यावर आलं.

"नकूऽऽ..."

गंगुबाईंनी सोफ्याची कड घट्ट पकडली.

"नकूऽऽ..."

कोकीळ नाही. मशीन नाही. सगळं रान कान देऊन उभं.

मग तिसरी आली. हळू, शेजारी बसलेल्या पोरीला मारावी तशी.

"नकू."

"ओ," त्या म्हणाल्या. "आले."

आई नळापाशी उकिडवी बसली होती. पदर पुढं ओढलेला. तिनं मान वर केली नाही, हात तेवढा पुढं केला. तो हात गंगुबाईंच्या हातापेक्षा कितीतरी तरुण होता. त्याला शेरडांच्या दुधाचा वास होता.

"बग की, केवढं लाल केलंस," आई म्हणाली. "हलू नगंस."

तिच्या चिमटीत बाभळीचा काटा होता. तो आत गेला. दुखलं नाही. काळं, तिळाएवढं मुंडकं बाहेर आलं. आईनं ते फुंकून टाकलं. लाली ओसरत गेली, आधी खांद्यावरून, मग दंडावरून. निळी रेघ तेवढी राहिली. लहान मुलीला मोठी बांगडी व्हावी तशी ती त्या हातावर सैल झाली होती.

नकूनं आईच्या गुडघ्यावर डोकं टेकलं.

घराच्या पुढच्या बाजूला गाडीची दारं आपटली. आतून धावती पावलं आली. कानशिलाशी पिकलेला एक बाप्या काचेच्या दारापलीकडे, सोफ्यावर निपचित पडलेल्या म्हातारीजवळ गुडघ्यांवर बसला. त्याच्या मागे एक बाई फोनवर इंग्रजीत घाईघाईनं काहीतरी सांगत होती.

"आई!" तो ओरडला. "आई गं! आई, ऊठ ना!"

एवढा मोठा माणूस, आणि आवाज पोराचा.

त्या हाकेसरशी आईनं मान थोडी वर केली. नकू घाबरली. तिनं आईचा पदर दोन्ही मुठींत आवळून धरला.

"तुला न्हाई बोलवत त्यो," ती म्हणाली.