खोडलेली नावं

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, एरवी मी हा विषय काढत नाही. प्रबंध झाला, नावामागं डॉक्टर लागलं. पण त्या वहीचा उल्लेख प्रबंधात कुठंही नाही.

माझ्या पीएच.डी.चं तेव्हा सातवं वर्ष होतं. विषय मराठवाड्यातल्या ख्रिस्ती धर्माचा इतिहास, त्यातही दुष्काळातली धर्मांतरं. सकाळी तुळजापूरच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायचं, दुपारी एसटी पकडून कुठल्यातरी गावात जुने कागद धुंडाळायचे. दोनदा मुदतवाढ घेऊन झाली होती. "आकडे आणा, नीला. आकड्यांशिवाय प्रबंध उभा राहत नाही," एवढंच गाइड म्हणायचे. खरं तर मला तो उभा करायचाच नव्हता. कुठंतरी खाली ठेवून मोकळं व्हायचं होतं.

ढोकीच्या पुढं एका गावात मिशनचं जुनं चर्च आहे. एकोणीसशे सालच्या दुष्काळात तिथं अनाथ मुलांचा आश्रम होता, आणि त्या मुलांची हजेरीवही अजून शाबूत होती. ती सांभाळायच्या प्रेमाबाई. वय सत्तरीच्या पुढं, घर चर्चला लागूनच, किल्ली कमरेला.

मार्चमधली दुपार होती. हवेत कारखान्याच्या मळीचा आंबूस वास. प्रेमाबाईंनी दार उघडून दिलं, वही माझ्या हातात ठेवली.

"वही बाहेर न्यायची न्हाय. आन् मनातच वाच. मोठ्यानं नको."

"का हो मावशी?"

"सांगितलं तेवढं ऐक की."

आत गार होतं. जाड दगडी भिंती, आठ बाकं, वटवाघळांचा वास. मी समोरच्या टेबलाशी बसले. वही मोडीत होती. आधी मुलाचं जुनं नाव, तांबड्या शाईनं खोडलेलं. शेजारी बाप्तिस्म्याचं नवं नाव, अदमासे वय, आणि शेवटी मृत्यूची तारीख. एकूण चौऱ्याण्णव नावं. बहुतेक सगळी एकाच पावसाळ्यात गेलेली.

मोडी मनातल्या मनात लागत नाही. अक्षराला अक्षर जोडलेलं, ओठांनी चाचपडावं लागतं. त्यात डोळे दुखत होते. उतरवून घ्यायचं त्राण नव्हतं, म्हणून मी मोबाईलवर रेकॉर्डिंग लावलं आणि वाचायला लागले.

"योहान... मार्था... शमुवेल..."

दोन पानं अशीच गेली. तिसऱ्या पानावर तांबडी शाई उडाली होती, खालची जुनी नावं स्वच्छ दिसत होती. वाटलं, हीही घ्यावीत. सव्वाशे वर्षांत ती कुणी उच्चारली नसतील. म्हणून मी परत पहिल्या पानावर गेले; नीट निरखलं तर तिथलीही तांबड्या रेघेखालून लागत होती.

"धोंडी. वय सात."

"हाय जी."

रस्त्यावरून कुणी बोललं असेल, वाटलं.

"गंगू. वय पाच."

"हाय जी."

आवाज कोरड्या घशाचा, बारीक. मी शमुवेलचं जुनं नाव घेतलं, भिवा. पुन्हा तेच. आणि खरं सांगते, मला भीती नाही वाटली. मी इतकी दमले होते की ते लक्षातच आलं नाही. रोज वर्गात हजेरी घेते. आवाज येतो, हात खूण करतो. कितीतरी नावांपुढं पेन्सिलीनं खुणा करून झाल्या, मग माझा हात थांबला.

वर पाहिलं. बाकं रिकामी होती. पण एकामागून एक करकरत होती, शेजारच्याला जागा करून देताना करकरतात तशी.

मी श्वास रोखला. माझा थांबला, तरी श्वासांचा आवाज येतच राहिला... पुष्कळ श्वास... वाट बघणारे.

दारात प्रेमाबाई उभ्या होत्या. 

"कितवर आलीस?"

"एकोणीस..."

"थांबू नको. समदी घे. एक जरी राहिलं, तर ते तुझ्यासंगं येतंय."

"मावशी, माझ्यानं नाही होणार..."

"ती जेवणाची हजेरी हाय, पोरी. नाव घेतलंस, आता जेवू घालावं लागतंय. मी चूल पेटवते."

त्या गेल्या. मी वाचत राहिले. घसा बसला, पाठ भरून आली, साडेपाचची गाडी फाट्यावरून निघून गेल्याचं ऐकू आलं. प्रत्येक नावाला उत्तर येत होतं, दरवेळी जरा जवळून. शेवटचं नाव सटवा, वय चार. त्याचं "हाय जी" टेबलाखालून आलं, माझ्या गुडघ्यापाशी.

प्रेमाबाईंनी ज्वारीच्या कण्यांचं पातेलं आणून जमिनीवर ठेवलं. माझा हात धरून बाहेर काढलं, दाराला कुलूप घातलं. आम्ही पायरीवर बसलो. ऊन उतरत होतं.

"आधी झालंय असं?" मी विचारलं.

"दोनदा. एकदा माझ्या सासऱ्यानं वाचलं, एकदा एका पाद्रीसाहेबानं. खात्यात आन् गप होत्यात. गरीब हायेत बिचारी."

आत पातेल्याचा तळ बोटांनी खरवडल्याचा आवाज येत होता. खूप बोटं. मग तोही थांबला.

प्रेमाबाईंनी कुलूप काढलं. पातेलं घासल्यासारखं लख्ख. त्यांनी डोळे मिटून देवाचे आभार मानले आणि ते उचलायला वाकल्या. आत काहीतरी खुळखुळलं.

दात होता. दुधाचा, तांदळाएवढा. मुळाशी रक्त अजून ओलं होतं.

दुपारभर न डगमगलेली ती बाई मटकन खाली बसली.

"काय झालं मावशी?"

त्यांनी बाकांकडं पाहिलं. आवाज इतका खाली आला की मला वाकून ऐकावं लागलं.

"मेलेल्या लेकरांचे दात पडत न्हाईत, पोरी... पोरं मोठी व्हायलीत."