तुटक्या शेपटीची मगर

मामांची कंबर धरली नसती, तर हे काही घडलंच नसतं आणि माझा अहवाल वेळेवर गेला असता.

मामा म्हणजे नदीवरच्या पर्यटक बोटीचे जुने चालक. थंडीत मगरी ऊन खायला काठावर येतात, तेव्हा सकाळी पर्यटक यायच्या आत त्यांच्या बोटीतून मगरी मोजायच्या, हे माझं काम. धक्क्यावर पोचले तर मामांच्या जागी त्यांचा भाचा उभा. बाह्या दुमडलेल्या, काखेत थर्मास.

“मोजणीवाल्या मॅडम तुम्हीच का?”

“दुसरं कोणी दिसतंय इथे?”

“नाही. म्हणजे... बरंच आहे.”

मी सरळ बोटीत चढले. आगाऊपणाला उत्तर दिलं की तो वाढतो.

एकटीने करायची ही माझी पहिलीच मोजणी. नीट पार पडली तर ही नदी कायमची माझ्याकडे येणार होती, आणि मला ती मनापासून हवी होती. नियम सोपा. लागोपाठ दोन दिवस मोजायचं. आकड्यांत दोनपेक्षा जास्त फरक पडला तर दोन्ही दिवस बाद, पुन्हा पहिल्यापासून.

पहिल्या दिवशी त्याने इंजिन बंद केलं आणि बोट नुसती वाहत जाऊ दिली. एक मोठी मगर काठावर जबडा उघडून पडली होती. हात लांब केला असता तर दात मोजता आले असते.

“डोळ्यापासून नाकापर्यंत बारा इंच,” मी पुटपुटले. “म्हणजे बारा फूट.”

“इतकं सोपं?”

“ढोबळ हिशोब आहे. इंचाला फूट.”

“मग माझं नाक मोजा बरं.”

“तुम्ही मगर आहात?”

“नसलो तरी... बघा तरी इकडे एकदा.”

मी बघितलं. लगेच वहीत डोकं घातलं. तेवढ्यात ती मगर सपकन पाण्यात उतरली आणि बोटीखालून गेली. बोट हलली. त्याने माझ्यापुढे हात केला आणि मी तो धरला. हात गरम होता. मगरी एकतीस.

दुसऱ्या दिवशी छत्तीस भरल्या. दोन्ही दिवस बाद.

“अरेरे,” तो म्हणाला. “म्हणजे अजून दोन दिवस यावं लागणार?”

“नक्राश्रू ढाळू नका. इथे खऱ्या मगरी आहेत.”

तो इतका हसला की पलीकडचे बगळे उडाले. मला हसू आलं नाही. आलं, पण मी दाबलं.

तिसऱ्या दिवशी तीस. चौथ्या दिवशी पस्तीस. आता मात्र माझं डोकं फिरलं. संध्याकाळी खोलीवर सगळे फोटो काढून बसले. चौथ्या दिवसाच्या फोटोंत तुटक्या शेपटीची एक मगर होती. वीस मिनिटांनी काढलेल्या फोटोतही तीच. शेजारच्या चारही त्याच. आईचा फोन आला, एक स्थळ आलंय म्हणाली. मी म्हटलं, आत्ता मगरी सोडून काही दाखवू नकोस.

पाचव्या सकाळी मी धक्क्यावरच त्याला गाठलं.

“नदीतल्या बेटाला वळसा घालून तोच काठ मला दोनदा दाखवलात. खरं की नाही?”

तो थर्मासचं झाकण फिरवत राहिला. “खरं.”

“का?”

“आकडे जुळले असते, तर तुम्ही गेला असतात.”

“माझी नदी जाईल, कळतंय का तुम्हाला? कामाशी खेळलात तुम्ही माझ्या!”

त्याचा चेहरा उतरला. “एवढं असेल असं वाटलं नव्हतं. चुकलो. माझं नाव लिहा अहवालात.” मग जरा थांबून म्हणाला, “पण मॅडम... अख्ख्या नदीत तुटक्या शेपटीची एकच आहे. पर्यटकांची पोरंसुद्धा ओळखतात तिला. तुम्हाला कशी नाही ओळखू आली?”

चोराच्या उलट्या बोंबा, असं म्हणणार होते. पण तो खरं बोलत होता. तशीच खोलीवर परत आले.

अहवालात एक रकाना असतो, तफावतीचं कारण. त्यात चालकाचं नाव घातलं की मी सुटत होते. त्याचं आणि मामांचं सकाळचं काम मात्र कायमचं गेलं असतं. पण मी नाव घातलं नाही ते दयेपोटी नाही. त्या रकान्यात खरं लिहायचं असतं. मी लिहिलं : मोजणाऱ्या व्यक्तीचं लक्ष काठाकडे नव्हतं.

ऑफिसातून साहेबांचा दुपारीच फोन आला. ओरडले नाहीत, ते जास्त लागलं. नदी ऑफिसातल्याच मोठ्या बाईंकडे गेली. मी मदतनीस. फोन ठेवला आणि खूप रडले.

सोमवारी मोठ्या बाई बोटीच्या नाकावर दुर्बीण लावून बसल्या. मला म्हणाल्या, “तू मागे बस. मध्ये बोलू नकोस.” मागे म्हणजे सुकाणूपाशी, त्याच्या शेजारी.

अर्धा तास तो सरळ रेषेत बोट चालवत होता. शेवटी हळूच म्हणाला, “मामांना कळलं सगळं. माझं नाव का नाही घातलंत?”

“वळसा तू घातलास. मगर ओळखायचं काम माझं होतं.”

‘तू’ ऐकून त्याने मान वळवली. “मग ओळखली का नाही?”

“तुझ्याकडे बघत होते.”

पुढून बाई ओरडल्या, “अठरा!”

त्याने नजर पुन्हा नदीवर वळवली. कान लाल झाले होते.

“नदी गेली ना तुमची... माझ्यामुळे,” तो म्हणाला.

“गेली. वाईट वाटतंय, अजून बरेच दिवस वाटेल.”

“आणि आता?”

“आता मोजणी माझ्याकडे नाही,” मी म्हटलं. “बघायला मोकळी आहे मी.”