मॉरीनचा तिसरा शनिवार

नेदर वॉलकॉम्बमध्ये खिडकीचा रंग बदलायचा तर समितीची परवानगी लागे. गवताची छपरं, दगडी पूल, तळ्यातली बदकं, सारं तीनशे वर्षं जिथल्या तिथे. माणसं तेवढी विनापरवाना मरत.

क्लाइव टॅनरची बायको मॉरीन दोन वर्षांपूर्वी अशीच गेली. चर्चमध्ये फुलं सजवण्याच्या पाळ्यांची यादी दारावर असे. तीत तिचं नाव तसंच राहिलं: दर महिन्याचा तिसरा शनिवार. ते खोडणं कुणालाच सभ्यपणाचं वाटेना. आणि दुसऱ्या दिवशी, रविवारच्या प्रार्थनेला, वेदीवर फुलं असतच. क्लाइवला वाटे, यादी सांभाळणारी डॉफ्नी लावते. डॉफ्नीला वाटे, क्लाइव. विचारणं बरं दिसत नाही, म्हणून दोघंही मनातल्या मनात एकमेकांचे आभार मानत.

मे महिन्यात डॉफ्नी नवी यादी घेऊन त्याच्या घरी चहाला आली.

"मॉरीनचं नाव ठेवू ना रे? फुलं तू झकास लावतोस."

"मी? मला फुलदाणी कुठली न् दुधाचा जग कुठला, ते कळत नाही!"

"पुरे हं चेष्टा."

"अगं, खरंच. मला वाटलं, तूच."

डॉफ्नीने कप खाली ठेवला. चर्चच्या किल्ल्या दोनच होत्या. एक तिच्या पर्समध्ये. दुसरी मॉरीनची, क्लाइवच्या स्वयंपाकघरात खिळ्यावर, गंजलेली.

"हवा छान आहे आज, नाही?" डॉफ्नी म्हणाली.

क्लाइवने खिळ्यावरच्या किल्लीकडे पाहिलं. म्हणजे दोन वर्षं मॉरीन गावात येत होती. चर्चपासून घर दीडशे पावलांवर. एकदाही डोकावली नव्हती.

"खोड," तो म्हणाला.

"नक्की?"

"तिकडचं काम संपलं, तर घरी येईल."

डॉफ्नीने खोडलं. रेघ अगदी सरळ आली.

तिसऱ्या शनिवारनंतरच्या रविवारी वेदीवर डॉफ्नीची कार्नेशन्स होती, शिस्तीत उभी. क्लाइवने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. प्रार्थना संपताच तो लगबगीने घरी निघाला.

दार बंदच होतं. आत ओल्या देठांचा वास होता.

जेवणाच्या टेबलावर पांढऱ्या लिलींचं पुष्पचक्र होतं. शवपेटीवर ठेवतात तसं.

सोबत कार्ड होतं. मॉरीनच्या तिरप्या अक्षरात त्याचं पूर्ण नाव आणि जन्मतारीख.

दुसऱ्या तारखेची जागा तिने कोरी सोडली होती. शेजारी पेन होतं, टोपण काढून ठेवलेलं.