केशरबाईंचा न बिघडणारा प्रोजेक्टर

या, असे जवळ सरका. मागच्यांनीही पुढं यावं, सतरंजीवर जागा आहे. देवाचं नाव घेऊन एक प्रेमाची गोष्ट सांगायची आहे. मात्र फार गोडगोड नाही बरं का… हिच्यातली नायिका पहिल्यापासून वैतागलेली आहे. आणि का नसावी? तुम्हीच ऐका.

मोठा दुष्काळ सरला त्या सालची गोष्ट. दसऱ्याचा दुसरा दिवस, परतीचा पाऊस झिमझिमत होता. देवळाली प्रवराजवळच्या एका शाळेत केशर सातवीला शिकवायची. छत्री झटकत ती आत शिरली, तर एक अनोळखी तरुण उघड्या कपाटापुढं उकिडवा बसून प्रोजेक्टरचं भिंग रुमालानं पुसत होता. मुलांना विज्ञानाचे सिनेमे दाखवायला शिक्षण खात्यानं दिलेलं ते यंत्र. आल्या दिवसापासून हेडमास्तर आप्पासाहेबांनी ते कुलपात ठेवलेलं.

"भिंगाला हळदकुंकू कुणी लावलं?" त्यानं विचारलं.

"खंडेनवमीला पूजा झाली. अवजारांची करतातच की."

"अहो, पण भिंगाला?"

"दुसरं कपाळ दिसलं नाही त्याला."

तो हसला. ती हसली नाही.

त्याचं नाव राधाकृष्ण. नगरहून आला होता. ज्या शाळा यंत्र वापरत नाहीत, त्यांच्याकडून ते परत न्यायचं, असा हुकूम होता. ते ऐकून केशरचा पारा चढला.

"वर्षभर किल्ली मागून माझं तोंड दुखलं. आणि आता कपाट उघडलं, तर तुम्ही न्यायलाच आलात?"

दारातून आप्पासाहेब म्हणाले, "बाई, काचंचा जीव हाय त्याचा. पोरांच्या हातात फुटलं म्हंजी?"

"पोरंही पडतात, फुटतात, आप्पासाहेब. त्यांना कुठं आपण कपाटात ठेवतो?"

राधाकृष्णानं दोघांकडं पाहिलं. "बरं… आठवडाभर राहतो. बाईंना चालवायला जमलं, तर यंत्र इथंच."

देवळाच्या ओवरीत त्यानं पथारी टाकली. शाळा सुटली की शिकवणी. रीळ चढवताना केशर फिल्म ताणून बसवायची आणि फिल्म अडकायची.

"इथं थोडी सैल सोडा," तो म्हणायचा. "तिलाही श्वास घ्यायला जागा लागते."

"म्हणजे किती सैल?"

"वेणी घालताना सोडता तेवढी."

"तुम्ही रिळाकडं बघता की माझ्या वेणीकडं?"

"रिळाकडंच… मधे वेणी येते."

तिनं वेणी मागं टाकली. थोड्या वेळानं — कशी कोण जाणे — ती पुन्हा पुढं आली होती.

शनिवारी संध्याकाळी देवळाच्या सभामंडपात धोतराचा पडदा बांधला. सिनेमा माणसाच्या हृदयाचा, बोलणं मात्र सगळं इंग्रजीत. केशरनं आवाज बारीक केला, पदर खोचला आणि कीर्तनाला उभं राहावं तशी पुढं उभी राहिली. "ऐका हो! हा देवानं दिलेला पखवाज. आईच्या पोटात वाजायला लागतो, तो विसावा म्हणून घेत नाही…" तेवढ्यात छगन पखवाजीनं हृदयाच्या ठोक्यावर थाप दिली, आणि पोरांसकट सारं गाव डोलायला लागलं. आप्पासाहेबांनी डोळे पुसले. राधाकृष्ण तेवढा पडद्याकडं बघत नव्हता.

यंत्र राहिलं. जाताना तो म्हणाला, "बिघडलं की कळवा. लगेच येईन."

आणि इथंच खरा वैताग सुरू झाला. बिघडेचना! नेवाशाकडची यंत्रं दर पंधरवड्याला मोडत आणि हा तिकडं धावे. केशर मात्र शिकवल्याप्रमाणं मलमलीनं भिंग पुसायची, थेंबथेंब तेल द्यायची, अन् ते मेलं सुरळीत चालायचं. दिवाळी गेली, संक्रांत गेली. तिच्या छबूमावशीनं वांबोरीचं एक स्थळ धरून ठेवलं होतं. होळी झाली की मंडळी बघायला येणार होती.

शेवटी तिनं मावशीला मनातलं सांगितलं. मावशी म्हणाली, "मंग घाल की एक धपाटा त्या यंत्राला. बिघडंल अन् यील त्यो."

"पोरांची वस्तू आहे, मावशी. माझ्या कामासाठी कशी मोडू? देव बघतो."

"देवाला सांग मंग, त्यानंच मोडावं."

देवानंही मोडलं नाही.

होळीच्या आधी राहुरीत सगळ्या शाळांची बैठक भरली. पुढं टेबलाशी राधाकृष्ण. एकेक मास्तर उठे. कुणाचा बल्ब गेलेला, कुणाचा पट्टा तुटलेला, कुणाच्या पेटीत उंदरानं संसार मांडलेला. केशरची पाळी आली.

"तुमची तक्रार, बाई?" त्यानं वर न बघता विचारलं.

"यंत्राची काही नाही."

"मग बसा."

आता मात्र तिचा संयम संपला. "यंत्र उत्तम आहे. तक्रार माणसाची आहे. शिकवून गेला, तो इकडं फिरकला नाही. चांगलं सांभाळलं ही काय आमची चूक झाली?"

राधाकृष्णाचे कान लाल झाले. "मी… वाट बघत होतो. बोलावणं आल्याशिवाय यायचं कसं? लोक काय म्हणतील?"

"या महिन्यात मला बघायला पाहुणे येतायत. ते काही बिघाडाची वाट बघत बसले नाहीत."

त्यानं हातातला पेन खाली ठेवला. "त्यांना नको म्हणा… मी येतो."

मागच्या बाकावरून आप्पासाहेब उठले, टोपी नीट केली. "बैठक चालू द्या. मी हिच्या मावशीकडं जाऊन येतो. ह्ये दोघं बोलत बसले, तर पोरीचं वय निघून जाईल."

आणि तो भला माणूस भर उन्हात निघाला. मावशीपुढं हात जोडले, वांबोरीकरांची समजूत काढली, अक्षय्य तृतीयेला स्वतः अंतरपाट धरला.

आता आप्पासाहेब नाहीत. कधी देवापुढं हात जोडाल, तेव्हा त्या भित्र्या माणसाची तेवढी आठवण ठेवा… काच फुटेल म्हणून तो जन्मभर घाबरला, पण दोन जीव जोडताना जराही कचरला नाही.