सकाय येणारी गाडी

पोरगी आली तेव्हा सकाळचे सात वाजले होते. मी रस्त्याकडेला केळीच्या घडांजवळ खाट टाकून बसले होते. ट्रक भरायचा होता. नजर हटली की मजूर घड आपटतात आणि आपटलेली केळी काळी पडतात, म्हणून मी, वत्सलाबाई, जातीने हजर.

पाठीवर तिच्याहून मोठी बॅग, एका बुटाचा तळ सुतळीने बांधलेला, नाक उन्हाने सोललेलं. मला वाटलं, घरून रुसून निघाली.

“आजी, शहाद्याची गाडी कधी आहे?”

गाडी सहालाच गेलेली. “सकाय येई,” मी सांगितलं.

“बरं,” म्हणाली आणि निंबाखाली बसली.

बसली ती बसलीच. आठ वाजले, नऊ वाजले... मनात म्हटलं, काय निवांत बाई आहे, उद्याच्या गाडीसाठी आजपासून बसली! पण दमलेली दिसत होती, म्हणून माझ्या नातवाच्या, योगेंद्रच्या हाती चहा पाठवला. कप देऊन त्याने लगेच परत यायला हवं होतं. नाही आला.

“गाडी नेहमीच उशीर करते का?” तिने त्याला विचारलं.

“गाडी तर उद्या आहे.”

“पण आजी म्हणाल्या, सकाळी येईल!”

योगेंद्रने कपाळाला हात लावला. “सकाय म्हणाली असेल. आमच्याकडे सकाय म्हणजे... उद्या.” मग माझ्याकडे वळून ओरडला, “आजी, तू इले काय सांगं व?”

“जे खरं शे तेच सांगं! ती कोठली शे, माले काय माहीत?”

पोरगी हसायला लागली. हसता हसता डोळे भरले. नंदुरबारहून तिची रेल्वे साडेदहाची आणि दहा तर वाजून गेलेले. योगेंद्र मोटरसायकलची किल्ली शोधायला धावला.

“कोठे पळस?” मी म्हटलं. “विमान शे का तुन्हं?”

प्रतिभा तिचं नाव. गाव कोल्हापूर. महिनाभर एकटी सातपुडा हिंडली. तोरणमाळ उतरताना बूट फाटला, खापरच्या बाजारात टोपी हरवली, मोबाईलच्या नकाशाने आडवाटेला लावून आमच्या कळसाडीत आणून सोडलं. सोमवारी नोकरीवर हजर व्हायचं होतं.

“रोज वाटायचं, कधी एकदा घरी जाते,” ती म्हणाली. “आणि आता गाडी चुकली तर... बरं वाटलं हो, आजी. वेडी आहे ना मी?”

“शेच,” मी म्हणाले.

वेड्या माणसाला रिकामं बसू देऊ नये. तिलाही केळीच्या फण्या उचलायला लावलं. योगेंद्र तिच्या शेजारी — ट्रकभर जागा होती, पण शेजारीच!

“जपून, चीक लागेल.”

“लागला तर काय होतं?”

“डाग पडतो. केळीचा डाग जात नाही.”

“लिंबाने?”

“नाही.”

“साबणाने?”

“नाही.”

“तुमच्या गावातून काहीच जात नाही वाटतं,” ती म्हणाली. “ना डाग, ना गाड्या.”

तिची ओढणी घडावर घासली होती, हे तिने पाहिलं होतं. बाजूला मात्र केली नाही.

योगेंद्र हसला. दोन वर्षांत तो असा हसला नव्हता. त्याच्यासाठी सात घरी बोलणी झाली होती. सातही घरी एकच ऐकलं — मुलगा चांगला आहे हो, पण शेती करतो. सातव्या घराचा चहा तसाच ठेवून मी उठले आणि येताना वाटेतच सांगितलं, यापुढे आपल्या घरातून कुणी कुणाला पोरगी मागणार नाही. तो ‘बरं’ म्हणाला होता. तेव्हापासून कुणा पोरीकडे मान वर करून बघतही नव्हता.

रात्री ती आमच्याच घरी राहिली. दुसऱ्या दिवशी सहाची गाडी. प्रतिभा खिडकीत बसली. योगेंद्र खाली उभा, हातात हिरवी फणी. ती त्याच्याकडे बघते, तो फणीकडे बघतो. कंडक्टर डबल बेल मारायच्या बेतात... आणि माझ्या लक्षात आलं, या पोराच्या घशात माझंच बोलणं अडकलंय. मी लेकरू वाढवलं की दगड?

“बोल ना रे!” मी खेकसले. “तोंडले चीक लागना का?”

तो दचकला. फणी खिडकीतून आत दिली. “ही... कच्ची आहे. पाच दिवसांत पिकेल. पिकली की फोन कराल?”

सगळ्या गाडीला ऐकू गेलं. मला वाटलं, जमीन फाटावी आणि आधी हा आत जावा. पण प्रतिभाने फणी छातीशी धरली. गाडी वळेपर्यंत तिची ओढणी खिडकीतून दिसत होती, काळपट डागासकट.

पाचवा दिवस गेला. फोन नाही. सहावाही गेला. योगेंद्र जेवत होता, पण भाजीत मीठ जास्त की कमी हे त्याला सांगता येईना. आठवा नकार असा न बोलताच येणार आणि तो मीच ओढवून घेतला, असं मला वाटायला लागलं.

सातव्या दिवशी, शनिवारी दुपारी, फोन वाजला. त्याच्या हातांना चिखल, म्हणून त्याने स्पीकर लावला. कान देऊन ऐकायची मला सवय नाही; ऐकू आलं.

“पिकली,” प्रतिभा म्हणाली. “दोन दिवस झाले. पण आधी आईबाबांशी बोलायचं होतं, म्हणून...”

“डाग... गेला?”

“नाही.”

“मग तू...” तुम्हीचं तू कधी झालं, त्यालाही कळलं नाही. “तू कधी येशील?”

“सकाय.”

तो गोंधळला. “म्हणजे सकाळी... की उद्या?”

“दोन्ही!” ती हसली. “आईबाबाही आहेत. आत्ताच शहाद्याला उतरलोय. आणि हे बघ, गाडी कधी आहे ते आजींना विचारू नकोस.”

मी पदर सावरला, चपला घातल्या. मागायला जायचं नाही, असं मी म्हटलं होतं. आणायला जायचं नाही, असं कुठे म्हटलं होतं?

“योगेंद्र, जीप काढ.”

“आता? आजी, ते सकाय...”

“सकाय कसाले?” मी म्हणाले. “आजच जाऊत.”