बासष्टाव्या किलोमीटरला

त्या खिळ्यावरच्या पिवळ्या पट्ट्याला हात लावू नका रे. विचारताय म्हणून सांगतो. जनरेटर बंद करायला अजून अर्धा तास आहे.

गाडी ओढायचा हा पट्टा लायल बेनमचा. इथे माझ्या डिझेल पंपाशेजारच्या शेडमध्ये त्याने तीस वर्षं गाड्या दुरुस्त केल्या. डिझेल इंजिनाची नुसती धडधड ऐकून दुखणं ओळखायचा. स्वतःच्या पोटातलं मात्र कधी ओठावर येऊ दिलं नाही.

त्याची मुलगी टेस आठवड्यातून दोनदा लांबच्या गुरांच्या वाड्यांवर टपाल पोचवायची. एकटीच, बापाच्या जुन्या गाडीने. गेल्या वर्षी फेब्रुवारीत, भर उन्हाळ्यात, ती भडकून शेडमध्ये शिरली.

"बाबा, ही तुझी म्हातारी गाडी माझा जीव घेणार एक दिवस! मध्येच काटा लाल रेघेवर, कितीही दाबलं तरी गाडीला जोरच नाही. आणि थोड्या वेळाने आपोआप ठीक!"

"रेडिएटरमध्ये गवताचं बी अडकलं असेल."

"ते बी फक्त बासष्ट ते एक्याऐंशी किलोमीटरमध्येच अडकतं का? चारदा झालंय. चारही वेळा लिहून ठेवलंय."

लायलने कागद घेतला. आकडे वाचले. कागद घडी करून खिशात टाकला.

शेचाळीस डिग्री उन्हात, फोन लागत नाही अशा रस्त्यावर पोरगी एकटी अडकली तर? गुरुवारी तिला पुन्हा जायचं होतं. लायलची झोप उडाली. त्याने रेडिएटर धुतला, थर्मोस्टॅट उकळत्या पाण्यात टाकून पाहिला, पंखा, पाण्याचा पंप, डिझेलचा फिल्टर, सगळं एकेक करून तपासलं. कशातच खोट नव्हती.

उरली एकच परीक्षा. रात्रीच्या गारव्यात, रिकामी गाडी घेऊन जायचं. तरीही तापली, तर दोष उन्हाचा नाही.

मंगळवारी रात्री नऊ चाळीसला तो निघाला. मीच डिझेल भरून दिलं. चंद्र नव्हता, वारा नव्हता. साठ किलोमीटरपर्यंत काटा मधोमध होता.

एकसष्ट.

बासष्ट.

गाडी एकदम जड झाली. रस्ता तळहातासारखा सपाट, मागे एक पोतंसुद्धा नाही. काटा चढायला लागला. धूर काळा झाला. असा धूर लायलने हजारदा पाहिला होता... चढावर दुसरी गाडी ओढताना.

गाडीत बिघाड नव्हताच. गाडी काहीतरी ओढत होती.

त्याने ब्रेक दाबला. जागा त्याला कागद पाहिला तेव्हाच कळली होती.

आपल्याकडचा रिवाज तुम्हाला ठाऊक आहे. रस्त्यात कुणाच्या गाडीचं बॉनेट उघडं दिसलं की थांबायचं. सात पिढ्यांचा वैरी असला तरी थांबायचं. अकरा वर्षांपूर्वी, याच गाडीतून, लायल थांबला नव्हता. बासष्टाव्या किलोमीटरला, बंद गाडीपाशी, एक माणूस उभा होता. हातात ओढायचा पट्टा धरून, हात वर करून. त्या दिवशी टेसचा वाढदिवस होता. मागून कुणीतरी येईलच, असं म्हणून लायल पुढे गेला.

मागून कुणी आलं नाही. बोअरची टाकी एकोणीस किलोमीटरवर. तो माणूस पाण्यासाठी चालत निघाला. टाकीच्या चार किलोमीटर अलीकडे सापडला... तिसऱ्या दिवशी.

लायल खाली उतरला. सीटमागून नवाकोरा पट्टा काढला. एक टोक मागच्या हुकाला अडकवलं. दुसरं टोक अंधारात, खडीवर ठेवलं.

"चुकलो रे बाबा," तो म्हणाला. "पण पोरीला सोड. चल, नेतो तुला."

तो परत गाडीत बसला.

पहिला गिअर. दुसरा. त्यापुढे नाही. आरशात बघितलं नाही. सत्तर... काटा परत मधोमध. पंचाहत्तर... इंजिन शांत. मागे खडीवर पट्टा घासल्याचा आवाज यायला हवा होता.

आला नाही.

एक्याऐंशी. टाकी. तो थांबला. खिडकीतून हळूच म्हणाला, "पाणी आलं."

त्याने इंजिन बंद केलं...

मग मागे, पट्टा जमिनीवर पडला. थप्.

पहाटे तो परतला तेव्हा टेस दारातच होती. त्याने तिला पायरीवर बसवलं आणि अकरा वर्षं दाबून ठेवलेलं सगळं सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. गुरुवारी ती गेली आणि वेळेवर परत आली. त्यानंतर गाडी एकदाही तापली नाही.

पण त्या पहाटे, परतताना लायलने गुंडाळून मागच्या हुकालाच बांधलेला पट्टा सोडायला गेली टेसच. तो हातात फिरवत तिने विचारलं होतं, "बाबा, तू म्हणतोस एकोणीस किलोमीटर हा खडीवर सोडून गेलास. मग याचा एक धागासुद्धा कसा सुटला नाही?"

घ्या. दिवा जवळ आणा. तुम्हीच बघा.